तिघांपेक्षा कमी नको

कोलाडची कुंडलिका ही वेळापत्रकावर चालणारी नदी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी सकाळी लवकर साजे गावाजवळ काठावर उभं राहा. समोर गोटेच गोटे आणि त्यांतून वाट काढणारं बेताचं पाणी. मग वरून पाणी सुटतं. बघता बघता त्याच गोट्यांवरून नदी धावायला लागते आणि काही तासांनी ती पुन्हा ओसरून आपल्या जागी गप्प बसलेली असते. मधल्या या तासांसाठी मुंबई-पुण्याहून माणसं भल्या पहाटे निघून येतात. त्यांतली बरीचशी राफ्टमध्ये बसतात. थोडी मात्र गाडीच्या टपावर बांधलेल्या, माणसापेक्षा जेमतेम हातभर लांब अशा रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या घेऊन येतात. हे प्रकरण त्या थोड्यांविषयी आहे.

पाणी कुठून येतं ते आधी सांगायला हवं, कारण पावसाळा सोडला तर हे पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळेचं आहे. मुळा ही सह्याद्रीच्या पूर्वेला उतरणारी नदी. तिला तिच्या मनासारखं वाहू दिलं असतं तर हे पाणी पुण्यात मुठेला भेटून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि पाणी डोंगरातून पलीकडे कोकणात वळवलं. जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नेते. हा सत्याग्रह आपण शाळेत एका ओळीत वाचून विसरलेलो असतो. तो यशस्वी झाला नाही, धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. सुमारे ५०० मीटर उंचीवरून पाणी नळांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं, खालच्या छोट्या धरणात थांबतं, तिथून आणखी एका वीजकेंद्रातून जातं आणि मग कुठे कुंडलिकेत पडून रेवदंड्याच्या खाडीकडे निघतं. विजेची मागणी वाढते त्या वेळी टर्बाइन फिरतात, आणि टर्बाइन फिरली की कोलाडला खळाळ उभा राहतो. इथे लाटांवर नाचायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढा इतिहास ठाऊक असावा असं मला वाटतं. त्यांचा खेळ ज्या पाण्यावर चालतो, ते पाणी कुणीतरी घरदार सोडून दिलेलं आहे.

आता त्या होड्यांकडे वळू. कयाक ही एकट्याची होडी आहे. बसायला जागा एक, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एक आणि चूक झाली तर बुडणाराही एकच. असं असून खळाळत्या पाण्यातलं कयाकिंग एकट्यानं करत नाहीत. जगभर पाळला जाणारा एक साधा नियम आहे: तिघांपेक्षा कमी नको. एकजण अडकला, तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा मदत आणायला जातो. दोघांत हे गणित बसत नाही. म्हणूनच या खेळाबद्दल लिहायचं तर लाटांबद्दल जितकं लिहावं लागतं, तितकंच मित्रांबद्दलही.

पण आधी पाणी. नदीचं पात्र अरुंद झालं, उतार वाढला किंवा मध्ये खडक आले की रॅपिड तयार होतो. पाणी आपटतं, स्वतःवरच कोसळतं आणि हवा पोटात घेतं. त्या हवेच्या बुडबुड्यांमुळे ते पांढरं दिसतं. हा रंग दिसायला देखणा, पण वल्हवणाऱ्याला तो दोन गोष्टी सांगत असतो. फेसाळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे त्यात माणूस आणि होडी दोन्ही कमी तरंगतात. आणि वल्ह्याच्या पात्याला त्यात पकड मिळत नाही. पोहणाऱ्याची तीच गत. डोहात पट्टीचे पोहणारे इथे हातपाय मारत जागच्या जागी राहतात, त्याचं एक कारण हे.

आणखी एक गोष्ट वेगाची. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. आणि एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. नदी ‘जरा वाढलीय’ असं काठावरून वाटतं, तेव्हा ती खडकावर अडकलेल्या होडीसाठी जरा वाढलेली नसते.

पाणी वाचायला शिकवताना पहिल्या दिवशी दाखवतात ते हे: समोर पाण्यावर इंग्रजी व्हीचा आकार दिसतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेनं, म्हणजे खाली असेल, तर ती दोन अडथळ्यांमधली मोकळी, गुळगुळीत वाट. टोक वरच्या दिशेला असेल, तर तिथे पाण्याखाली खडक बसलेला आहे. समोरची नदी एकदम आडव्या रेषेसारखी संपलेली दिसली आणि रेषेपलीकडून नुसता आवाज येत असेल, तर काठाला लागायचं, उतरायचं आणि चालत जाऊन बघायचं. एवढं कळलं तरी सोप्या नदीवर निभावतं.

सगळ्यात महत्त्वाची मात्र एडी. प्रवाहात मोठा खडक असला की त्याच्या मागे, खालच्या अंगाला, पाणी उलटं वळून खडकाकडे परत येतं. त्या जागेला कयाकवाले एडी म्हणतात, आणि आपण तोच शब्द वापरू. धो धो वाहणाऱ्या नदीच्या मधोमध ही चार-दोन होड्यांपुरती शांत जागा असते. तिथे थांबून श्वास घेता येतो, मागे कोण राहिलं ते बघता येतं, पुढचं ठरवता येतं. पण तिथे शिरायचं तर खाली जाणारं पाणी आणि वर येणारं पाणी यांच्यामधली रेघ ओलांडावी लागते. तिथे होडीचं नाक उलट्या पाण्यात आणि बूड अजून मुख्य धारेत, अशी दोन पाणी होडीला दोन दिशांना ओढतात. त्या क्षणी ज्या बाजूनं नवं पाणी येतंय ती होडीची कड उचलायची. उचलली तर होडी गर्रकन वळून खडकामागे विसावते. नाही उचलली, तर पाणी त्या कडेवर चढतं आणि माणूस उलटा होतो. नवशिके रॅपिडच्या लाटांमध्ये जितके उलटत नाहीत तितके या रेघेवर उलटतात, तेही लाटा पार करून आल्यावर, मित्रांकडे बघून हसता हसता.

गट केवढा असावा हेही एडीच ठरवते. तिच्यात चार होड्या मावत असतील आणि तुम्ही नऊजण असाल, तर पाचव्यानं कुठे थांबायचं? म्हणून अनुभवी मंडळी तीन ते पाच-सहाजणांतच निघतात. लग्नाच्या वऱ्हाडासारखा गोतावळा घेऊन जायचं असेल तर सरळ राफ्ट घ्यावी.

कयाक मूळची आर्क्टिकमधली. इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचे आणि त्यातून सीलची शिकार करायचे. गोठवणारं पाणी, आणि होडी उलटली तर बाहेर पडून पोहणं म्हणजे मरण. म्हणून ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांनी होडीतून बाहेर न येताच सुलटं व्हायचं तंत्र बसवलं. त्यालाच आज रोल म्हणतात. युरोपात ते पोचायला वेळ लागला. हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसानं १९२७ मध्ये प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णनं वाचून, कुणी शिकवणारं नसताना ते जमवलं. पोहायला पुस्तक वाचून शिकता येत नाही म्हणतात. हा गडी पुस्तक वाचून पाण्याखालून वर यायला शिकला.

जिनो वॉटकिन्सची गोष्ट वेगळी. हा ब्रिटिश तरुण १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांकडूनच रोल शिकला आणि त्यात चांगला तरबेज झाला. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो पूर्व ग्रीनलँडमध्ये सील मारायला कयाक घेऊन एकटाच गेला. साथीदारांना नंतर त्याची कयाक पाण्यावर सापडली. तो सापडला नाही. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. नेमकं काय झालं ते सांगायला जवळ कुणीच नव्हतं.

कातड्यापासून प्लॅस्टिकपर्यंतचा प्रवास थोडक्यात असा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या, घडी घालून रेल्वेनं नेता येणाऱ्या होड्या आल्या आणि आल्प्समधल्या नद्यांवर हौशी मंडळी उतरू लागली. पुढे फायबरग्लास आलं, पण ते खडकावर आपटलं की फुटायचं. दर सहलीनंतर दुरुस्ती. १९७० च्या दशकात साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिथिलीनच्या होड्या निघाल्या आणि खेळच बदलला. आपली पाण्याची टाकी ज्या पद्धतीनं बनते, त्याच पद्धतीनं या होड्या बनतात. ही होडी आपटते, चेपते, परत फुगते. समुद्रातली कयाक पाच मीटर लांब असते, कारण तिला सरळ जायचं असतं. नदीतली अडीच मीटरच्या आसपास, कारण तिला वळायचं असतं. वजन वीसेक किलो. मालवणला किंवा धरणाच्या शांत पाण्यावर भाड्यानं मिळते ती वरून उघडी होडी निराळी. तिच्यावर तास दोन तास फिरून आलेल्या माणसानं आपल्याला कयाकिंग येतं असं समजून नदीत उतरू नये.

नदीतल्या होडीत माणूस कमरेपर्यंत आत असतो. मांड्या वरच्या बाजूला टेकवलेल्या, पाय पुढच्या आधारावर, कंबर दोन्ही बाजूंनी फोमनं आवळलेली. कमरेला निओप्रीनचा स्कर्ट, आणि त्याची कड होडीच्या तोंडाभोवती ताणून बसवलेली, म्हणजे पाणी आत येत नाही. या स्कर्टच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते. ती ओढली की स्कर्ट सुटतो आणि बाहेर पडता येतं. घाईत स्कर्ट बसवताना ही पट्टी आत दुमडून राहू शकते. राहिली, तर पाण्याखाली उलटं लटकताना ती हाताला लागणार नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकजण शेजाऱ्याच्या होडीकडे बघतो आणि विचारतो, “पट्टी बाहेर आहे ना रे?” स्वतःची पट्टी स्वतः तपासायची असतेच. तरी शेजाऱ्यानं विचारायचं.

उलटल्यावर काय होतं ते सांगतो. आवाज एकदम बदलतो. नाकात पाणी जातं. वर कुठे आणि खाली कुठे हे क्षणभर कळत नाही. आता रोल करायचा तर पुढे वाकून वल्हं होडीच्या कडेला, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणायचं, त्याचा आधार घेत कमरेला झटका द्यायचा, होडी आधी सुलटी करायची, मग धड, आणि सगळ्यात शेवटी डोकं. सगळी गोम या शेवटच्या शब्दांत आहे. श्वासासाठी तडफडणारा माणूस पहिल्यांदा डोकं वर काढतो. डोकं चार-पाच किलोचं. ते पाण्याबाहेर आलं की तेवढं वजन उचलावं लागतं आणि तयार होत आलेला रोल फसतो. तलावात शंभर वेळा जमलेला रोल नदीत का फसतो याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

रोल येत नाही तोवर, किंवा तो फसतो तेव्हा, मित्र लागतो. शिकताना पहिल्यांदा शिकवतात ती सुटका अशी: उलट्या माणसानं दोन्ही हात पाण्याबाहेर काढून होडीच्या बुडावर थाप मारायची. थड, थड, थड. मग हात होडीच्या दोन्ही बाजूंनी पुढेमागे फिरवत राहायचे. मित्र आपल्या होडीचं नाक त्या हातांच्या वाटेत आणतो. ते नाक हाताला लागलं की त्याला धरून, कमरेचा झटका देऊन वर यायचं. डोकं पाण्याखाली, डोळ्यांत पाणी, आणि हात फिरतायत. मित्राला यायला चार सेकंद लागतात, ती फार मोठी वाटतात. जोरदार रॅपिडमध्ये ही सुटका क्वचितच साधते, तेवढा वेळ नदी देत नाही. तरी ती सगळ्यांना शिकवतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. हात फिरवत वाट बघायची सवय लागली की माणूस घाबरून दोन सेकंदांत बाहेर पडत नाही.

बाहेर पडलाच तर तो ‘स्विमर’ झाला. त्यानं पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्यावर. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, मागचं पाणी पाठीवर येतं आणि माणूस पुढे पडतो. मग कमरेएवढ्या पाण्यातही डोकं वर राहत नाही. आपल्याकडे नदीत बुडालेल्यांच्या बातम्यांत ‘पाणी फार खोल नव्हतं’ असं वाक्य येतं, त्याचा अर्थ कधीकधी हा असतो. मित्र आधी माणसाकडे जातात, मग होडीकडे, मग वल्ह्याकडे. माणूस मित्राच्या होडीची मागची कडी धरून पाय मारत काठाला येतो. वल्हं सापडतं किंवा सापडत नाही. परदेशात स्विमरनं आपल्याच ओल्या बुटातून बिअर प्यायची अशी रीत आहे, आणि ती आपल्याकडच्या काही मंडळींनीही उचललीय. मला विचाराल तर नाश्त्याचं बिल भरायला लावणं ही जास्त जाचक आणि जास्त स्वच्छ शिक्षा आहे.

काठावरचा मित्र हाही तितकाच महत्त्वाचा. त्याच्याकडे थ्रो बॅग असते: पिशवीत भरलेला, पाण्यावर तरंगणारा पंधरा-वीस मीटर दोर. रॅपिडच्या खालच्या टोकाला तो आधीच जाऊन उभा राहतो. स्विमर आला की आधी ओरडतो, “रोप!” त्यानं बघितलं की दोराचं मोकळं टोक हातात ठेवून पिशवी त्याच्या डोक्यापलीकडे फेकतो, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. स्विमरनं पिशवी धरायची नाही, दोर धरायचा. छातीशी, पाठीवर पडून, दोर खांद्यावरून जाईल असा. मग ओढावं लागतच नाही. पाणीच त्याला कमानीत फिरवून काठाला लावतं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, दोघांपैकी कुणीही नाही. पिशवी हुकली तर पुन्हा दोर भरत बसायला वेळ नसतो. भराभर वेटोळी गोळा करून दुसरी फेक करायची. हे अंगणात, मैदानावर, कुठेही सरावता येतं, आणि जे सरावत नाहीत त्यांची फेक झाडात जाते.

नदीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. वल्हं उभं धरलं म्हणजे ‘या’. आडवं धरलं म्हणजे ‘थांबा’. शिट्टी एकदा म्हणजे ‘इकडे बघा’, तीनदा म्हणजे ‘संकट’. डोक्यावर हाताची थाप म्हणजे ‘मी ठीक’. आणि बोट किंवा वल्हं दाखवायचं ते नेहमी सुरक्षित बाजूला. डावीकडे खडक आहे म्हणून डावीकडे बोट करायचं नाही, वाट उजवीकडून आहे म्हणून उजवीकडे करायचं. लाटेवर चढउतार करणाऱ्याला खूण अर्धीच दिसते, आणि अर्ध्या दिसलेल्या खुणेचा एकच अर्थ निघायला हवा.

अवघड रॅपिडआधी सगळे उतरतात आणि काठानं चालत जाऊन तो बघतात. याला स्काउट करणं म्हणतात. नदीच्या अवघडपणाच्या सहा श्रेणी आहेत. पहिली म्हणजे हलतं पाणी, सहावी म्हणजे जवळपास अशक्य. कोलाडची कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत बसते. पण श्रेणी पाण्याबरोबर बदलते आणि कागदावरचा आकडा काठावर उभं राहिल्यावर फारसा उपयोगी पडत नाही. तिथे बघायचं असतं ते खालून वर: सर्वांत शेवटी काय आहे? उलटलो तर वाहत कुठे जाणार? पुढे शांत डोह असेल तर धाडस परवडतं. पुढे लगेच दुसरा रॅपिड असेल, किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल, तर नाही. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस जात नाही.

याच जागी गटाची परीक्षा होते. कुणीतरी म्हणतं, “काही नाही होत रे.” मराठीतलं हे सर्वांत धोकादायक वाक्य आहे. दिवसभर चूक न करता वल्हवलेला, पण आज मन खात असलेला एखादा मित्र ते ऐकून उगाच उतरतो. चांगल्या गटात उलटं असतं. एकजण होडी खांद्यावर घेतो आणि काहीही न सांगता काठानं चालू लागतो. कुणी त्याला कारण विचारत नाही, संध्याकाळीही नाही. असा एखादा मित्र गटात असावा. तो सर्वांत कच्चा असतो असं मुळीच नाही. बहुधा त्यानंच सर्वांत जास्त नद्या बघितलेल्या असतात.

महाराष्ट्रात एक धोका रॅपिडपेक्षा मोठा आहे आणि तो दिसायला अगदी निरुपद्रवी. बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा असो की साधा सिमेंटचा, त्याच्यावरून पाणी एकसारखं ओसंडू लागलं की खाली पडून ते तळाशी जातं आणि वरच्या थरातलं पाणी उलटं, बंधाऱ्याकडेच परत येतं. नैसर्गिक खडकामागे असं फिरणारं पाणी कुठेतरी कडेला तुटतं, तिथून निसटता येतं. बंधारा सरळ, सपाट, या काठापासून त्या काठापर्यंत. त्याचं फिरणारं पाणीही तसंच अखंड. त्यात सापडलेला माणूस जात्यात दाणा फिरावा तसा फिरत राहतो. वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, खाली दाबला जातो, परत वर. उंची पुरुषभरही लागत नाही. वरून येताना तर तो दिसतही नाही, नुसती एक सरळ रेघ दिसते. पावसाळ्यात पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे, काढलेले असले तरी खांबांच्या मध्ये ओंडके, काटक्या, प्लॅस्टिक अडकलेलं असतं आणि होडी आडवी झाली तर खांबावर दुमडते. अशा ठिकाणी कौशल्य दाखवायचं काही नसतं. आधीच काठाला लागायचं, होडी उचलायची, बंधारा चालत ओलांडायचा.

वाचवायला जाणाराही धोक्यात असतो, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. १९७६ मध्ये माइक जोन्स या ब्रिटिश डॉक्टरनं मित्रांसह नेपाळात, एव्हरेस्टच्या पायथ्याशी निघणाऱ्या दूधकोसी नदीत कयाक घातल्या. त्या मोहिमेचा चित्रपट झाला आणि तो जगभर गाजला. दोनच वर्षांनी, काराकोरममधल्या ब्राल्डू नदीवर, संकटातल्या साथीदाराच्या मदतीला जाताना जोन्सचा मृत्यू झाला. सुटकेचा क्रम शिकवतात तो अशा अनुभवांतून आलेला आहे. आधी काठावरून हात किंवा वल्हं पुढे करा, तेवढं पुरलं नाही तर दोर, मग होडी, आणि पाण्यात उडी सर्वांत शेवटी, तीही झटक्यात सोडता येणाऱ्या पट्ट्याला दोर अडकवून. मित्र बुडताना दिसत असताना हा क्रम पाळणं सोपं नाही. म्हणूनच तो आधी पाठ करून ठेवायचा.

कोलाडला हात बसला की पाय बाहेर वळतात. पावसाळ्यात गोव्याची म्हादई सत्तरीत चांगली फुगते. केरळात कोझिकोडजवळ तुषारगिरीच्या परिसरातल्या चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर जुलैमध्ये जगभरचे कयाकपटू जमतात, कारण तिथे पाणी फक्त पावसाचं आणि मोसम फक्त काही आठवड्यांचा. पाऊस ओसरला की गंगा. कौडियालापासून ऋषिकेशपर्यंतच्या टप्प्यात सोप्या लाटांपासून ‘द वॉल’सारख्या चौथ्या श्रेणीच्या रॅपिडपर्यंत सगळं एका ओळीत सापडतं, म्हणून देशातले बरेचसे कयाकपटू तिथेच घडतात. पाणी बर्फाचं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं ओढून घेतं. कोलाडला टी-शर्टवर वल्हवणाऱ्याला तिथे जाड निओप्रीन घालावं लागतं. उन्हाळा सरताना लडाखची झंस्कार, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेपाळची सुनकोसी. ही जवळपास २७० किलोमीटरची, आठ-नऊ दिवसांची. रोज संध्याकाळी वाळूवर तंबू आणि रोज सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. मैत्री टिकणार की नाही हे बहुधा चौथ्या सकाळी कळतं.

राहिली गाडी. नदी परत फिरून जिथे सुरू केली तिथे आणत नाही, त्यामुळे सहलीच्या आदल्या रात्रीचा निम्मा वेळ ‘शटल’च्या चर्चेत जातो. दोन गाड्या हव्यात. दोन्ही घेऊन आधी खालच्या टोकाला जायचं, एक तिथे सोडायची, सगळ्यांनी दुसरीत दाटीवाटीनं बसून होड्यांसकट वर यायचं. संध्याकाळी खालच्या गाडीतून वरची गाडी आणायला जायचं. एकच गाडी असेल तर गावातला टेम्पो ठरवायचा आणि त्याला वेळ सांगताना एक तास वाढवून सांगायचा. कोरडे कपडे, पाणी आणि खाणं खालच्या गाडीत. आणि खालच्या गाडीची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्यानं ती वरच्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून नदीत उतरायचं नाही. ती लाइफ जॅकेटच्या आतल्या खिशात, चेन लावून, कॅराबिनरला अडकवून. निघण्याआधी “किल्ली कुणाकडे?” हे पट्टीच्या प्रश्नाइतक्याच गंभीरपणे विचारायचं आणि ज्यानं हो म्हटलं त्याला ती खिशातून काढून दाखवायला लावायची.